मारिया मार्टिनेझ आणि तिच्या घराण्याची काळी भांडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हाताने मातीची भांडी घडवायला शिकवते. वर्गाच्या पहिल्या दिवशी एक फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरवते. त्यात काळंभोर, गोल, आरशासारखं चकाकणारं मडकं आहे आणि त्याच्या पोटाभोवती मंद काळ्या रंगात वळसा घातलेला शिंगाचा साप. फोटो परत माझ्याकडे येईपर्यंत प्रश्न सुरू झालेले असतात. वर्षानुवर्षं तेच तेच प्रश्न येतात, आणि प्रत्येक वेळी उत्तर देताना वेळ अपुरा पडतो. म्हणून ते इथे सवडीने लिहिते आहे.

हे मडकं कुणी केलं?

मारिया मार्टिनेझ आणि तिचा नवरा ज्युलियन यांनी. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे शहरापासून जवळच, रिओ ग्रांदे नदीच्या काठाला सान इल्डेफॉन्सो नावाचं छोटं प्वेब्लो गाव आहे. मारिया तिथलीच. जन्म १८८७ च्या सुमाराचा आणि मृत्यू जुलै १९८० चा. म्हणजे नव्वदी ओलांडलेलं आयुष्य, आणि त्यातली सत्तर वर्षं तरी हात मातीत. वडील तोमास माँतोया, आई रेयेस पेन्या, घरात पाच मुली. वडील शेतकरी.

एका माणसाचं नाव विचारलंत म्हणून एवढं सांगितलं. पण पुढची उत्तरं वाचलीत तर लक्षात येईल की या भांड्यांवर एका माणसाचं नाव घालणं हीच मुळात बाहेरून आलेली गोष्ट आहे.

प्वेब्लो हे जमातीचं नाव आहे का?

नाही. स्पॅनिश भाषेत प्वेब्लो म्हणजे गाव. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक या भागात आले तेव्हा त्यांना मातीविटांची, एकाला एक चिकटलेली, मजल्यावर मजला चढवलेली घरं आणि मका पिकवणारी माणसं दिसली. त्यांनी गावालाही तेच नाव दिलं आणि माणसांनाही. न्यू मेक्सिकोत आज अशी १९ प्वेब्लो आहेत. प्रत्येकाचा कारभार वेगळा, आणि भाषाही सगळ्यांची एक नाही. सान इल्डेफॉन्सोची भाषा तेवा.

१६८० साली या गावांनी एकत्र येऊन उठाव केला आणि स्पॅनिश सत्तेला बारा वर्षं हद्दीबाहेर ठेवलं. सत्ता परत आली तेव्हा, १६९४ मध्ये, सान इल्डेफॉन्सोजवळच्या सपाट माथ्याच्या काळ्या डोंगरावर लोक चढून बसले आणि तिथून लढले. डोंगराच्या आधाराने लढणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं समजवायला नको. तो डोंगर गावातून आजही समोर दिसतो.

तिचं खरं नाव कोणतं? कुठे मारिया लिहितात, कुठे मेरी, कुठे पोवेका.

तिन्ही तिचीच. पोवेका हे तेवा नाव, अर्थ पाण्यातलं कमळ. मारिया हे बाप्तिस्म्याचं नाव, कारण गाव कॅथलिकही आहे आणि आपले जुने सण, नाच, विधीही पाळतं. दोन्ही एकाच घरात नांदतात. मेरी हे नाव दुकानदारांच्या सोयीचं, गोऱ्या गिऱ्हाइकाला ओळखीचं वाटावं म्हणून. भांड्याच्या बुडावर ते बरीच वर्षं टिकलं.

ती हे काम कुणाकडून शिकली?

तिया निकोलासाकडून. तिया हा शब्द मावशी, आत्या, काकू या सगळ्यांना चालतो. मारिया लहान होती तेव्हा रेल्वे त्या भागात येऊन पोचली होती आणि रेल्वेबरोबर पत्र्याची, एनॅमलची भांडीही. पाणी आणायला, धान्य ठेवायला मडकं लागेनासं झालं होतं. कल्हईच्या भांड्यांनंतर स्टील आलं तेव्हा आपल्या स्वयंपाकघरांत जे झालं, तसंच. त्यामुळे निकोलासाजवळ बसून माती वळणारी ही मुलगी खरं तर एका मावळत चाललेल्या कामाला हात लावत होती. शिकवणं म्हणजे तरी काय, जवळ बसायचं, बघायचं, आपण करून बघायचं, मोडलं तर पुन्हा करायचं.

मधली दोन वर्षं ती सांता फेच्या मिशनरी शाळेत गेली. इंग्रजी तिथे कानावर पडली, आणि पुढे व्यापाऱ्यांशी बोलताना ती उपयोगी आली.

लग्नानंतर दोघं लगेच जत्रेत गेली होती म्हणतात, ते काय?

१९०४ साली लग्न झालं आणि त्याच वर्षी सेंट लुईसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. गावातल्या काही जणांना तिथे नेलं, त्यात हे नवं जोडपंही होतं. मारियाने लोकांसमोर बसून भांडी करायची आणि ज्युलियनने नाचात भाग घ्यायचा. तिकीट काढून आलेली माणसं यंत्रं बघत, इमारती बघत, आणि जिवंत माणसंही बघत. मला ही गोष्ट 'मधुचंद्र' म्हणून कौतुकाने सांगितलेली आवडत नाही. सतरा-अठरा वर्षांची मुलगी कुंपणाच्या आत बसून माती वळते आहे आणि बाहेरून लोक बोटं दाखवताहेत, हे चित्र आधी डोळ्यांसमोर येतं.

मात्र त्या कुंपणातून बाहेरचं जग तिनेही पाहिलं. आपल्या हातातल्या कामाकडे लोक थांबून बघतात हे तिला तिथे कळलं. पुढे सान दिएगो (१९१५), शिकागो (१९३३-३४), सान फ्रान्सिस्को (१९३९) अशा प्रदर्शनांना ती गेली ती नावाजलेली कलावंत म्हणून.

काळी भांडी तिनेच शोधून काढली ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं सरळ 'हो' असं उत्तर देता येत नाही.

लोकप्रिय गोष्ट अशी. १९०७ पासून एडगर ली ह्यूएट हा पुरातत्त्वज्ञ गावासमोरच्या पाहारितो पठारावर उत्खनन करत होता. ती प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांचीच सोडलेली गावं. ज्युलियन खोदकामावर मजुरीला होता. जुन्या, पातळ, घोटून तुकतुकीत केलेल्या खापरांचे तुकडे निघत. ह्यूएटने असा तुकडा मारियाला दाखवला आणि विचारलं, असं पूर्ण भांडं करता येईल का? मारियाने आव्हान घेतलं, आणि हरवलेली काळी भांडी पुन्हा जन्माला आली.

गोष्ट छान आहे, पण त्यात 'हरवलेली' हा शब्द चुकीचा आहे. साधी काळी घोटीव भांडी शेजारच्या सांता क्लारा गावात अखंड होत होती, सान इल्डेफॉन्सोलाही माहीत होती. सांता क्लाराच्या मार्गारेट टाफोयाचं (१९०४–२००१) घराणं तर त्या कामात तेवढंच मोठं. तेव्हा काळा रंग मारियाचा शोध नाही. ह्यूएटच्या मागणीमुळे तिने पातळपणावर, आकारावर आणि घोटण्यावर जी मेहनत घेतली ती मात्र तिची. दोन तळहातांनी वळलेलं भांडं इतकं समतोल असू शकतं यावर आजही माझे विद्यार्थी विश्वास ठेवत नाहीत.

खरोखर नवं जे घडलं ते १९१८ ते १९२० या काळात, आणि त्यात ज्युलियनचा हात होता. काळ्या चकाकत्या भांड्यावर मंद काळी नक्षी. एकाच रंगाच्या दोन झिलया. हे त्याआधी कुणी केलेलं दिसत नाही. सुरुवातीच्या काही भांड्यांत तर उलटं आहे: जमीन मंद आणि नक्षी चकाकती. मग दोघांच्या लक्षात आलं की सगळं भांडं घोटून वर मंद नक्षी काढणं जास्त सुकर आणि जास्त देखणं. तिथून पुढे तीच रीत झाली.

रंग न लावता भांडं काळं होतं कसं?

यासाठी ते कसं घडतं ते पहिल्यापासून सांगावं लागेल.

माती गावच्याच जमिनीतली. खणण्याआधी मक्याचं चिमूटभर पीठ वाहतात. मातीकडून घेतोय तर आधी तिला द्यायचं. ती वाळवून, चाळून, तिच्यात ज्वालामुखीची बारीक राख मिसळतात. आपले कुंभार तडा जाऊ नये म्हणून राख, लीद किंवा वाळू मिसळतात त्याच कारणासाठी.

चाक नाही. पुकी नावाच्या उथळ वाडग्यात मातीची चपाती बसवतात आणि तिच्या कडेवर लांब वळ्या एकावर एक चढवत जातात. चकलीसारख्या, फक्त जाड. मग दुधी भोपळ्याच्या जातीच्या वाळक्या फळाच्या कवटीचे तुकडे घेऊन आतून-बाहेरून खरवडत भिंत पातळ आणि उंच करतात. आकार डोळ्याने ठरतो, मोजपट्टीने नाही. वाळल्यावर पुन्हा तासून, घासून पृष्ठभाग सारखा करतात.

त्यानंतर लाल मातीचा पातळ लेप, आणि मग घोटणं. सगळा जीव इथे आहे. लेप अगदी ओला असेल तर दगडाला चिकटतो, वाळला तर चमक येत नाही. मधली जी थोडी मिनिटं मिळतात तेवढ्यात गुळगुळीत दगडाने, एकाच दिशेने, न थांबता सगळं भांडं घोटून व्हायला हवं. मी नदीतला गोटा घेऊन वर्गात हे करून दाखवते. एका विद्यार्थिनीने मध्येच फोन घेतला, दोन मिनिटंच बोलली. परत आली आणि पुढे घोटायला लागली. जिथे थांबली होती तिथे बारीक रेघ उठली, पोटाच्या बरोबर मध्यावर. ती रेघ पुन्हा कितीही घोटली तरी जात नाही; सगळा लेप पुसून पहिल्यापासून सुरुवात. मारियाच्या भांड्यावर अशी रेघ शोधून दाखवा, असं मी मग सगळ्यांना सांगते.

घोटलेल्या भांड्यावर ज्युलियन युक्का नावाच्या झाडाच्या पातीचा कुंचला करून बारीक मातीने नक्षी काढायचा. या घडीला भांडं लालच असतं. नक्षीची ओली माती जिथे लागते तिथली चमक मोडते, एवढंच.

शेवटी जाळणं. भट्टी बांधलेली नसते. उघड्यावर, वारा पडलेला असताना, पहाटे. लोखंडी जाळीवर भांडी पालथी रचायची, भोवती पत्रे, खाली देवदारासारख्या लाकडाच्या ढलप्या आणि वर-बाजूंना गोवऱ्या. हो, चक्क गोवऱ्या. आग चढली, भांडी पुरती तापली की सगळ्यांनी मिळून, भराभर, घोड्याच्या लिदीचा कोरडा भुगा त्यावर ओतायचा आणि फटी राखेने बुजवायच्या. ज्वाला विझते, दाट पिवळसर धूर कोंडतो. आत हवा उरत नाही. मग आग मातीतल्या लोहातला प्राणवायू ओढून घेते, लाल लोह काळं होतं, आणि धुरातला कार्बन मातीच्या छिद्रांत जाऊन बसतो. लीद टाकली नसती तर तेच भांडं लाल निघालं असतं.

काही वेळाने राख बाजूला करतात, काठीने एकेक भांडं उचलतात, फडक्याने पुसतात. धूळ जाते आणि खालून काळा आरसा निघतो. नक्षीही तेव्हाच पहिल्यांदा नीट दिसते. आत कुठे हवा शिरली असेल तर करडा डाग, ओल राहिली असेल तर आवाज करून फुटलेलं भांडं. महिन्याचं काम तासाभरात जाऊ शकतं.

म्हणजे आपल्याकडे अशी काळी भांडी नव्हतीच का?

होती आणि आहेत. धूर कोंडून मातीला काळं करण्याची युक्ती जगात बऱ्याच ठिकाणी सापडली. विदर्भात माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथल्या महापाषाणयुगीन शिळावर्तुळांत काळी-तांबडी भांडी निघाली आहेत: आतून आणि काठाशी काळी, बाहेर खाली तांबडी. भांडं पालथं घालून भाजलं की तोंडाकडे हवा पोचत नाही, म्हणून तो भाग काळा. नागपूरच्या संग्रहालयात गेलात तर ती खापरं जवळून बघा. उत्तर प्रदेशात आझमगडजवळच्या निजामाबादला आजही काळी घोटीव भांडी होतात, त्यावर कोरून चंदेरी नक्षी भरतात. त्यांचा प्वेब्लो भांड्यांशी कसलाही नातेसंबंध नाही. माती आणि आग दोन्हीकडे सारखीच वागली, एवढंच.

एक फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चाक पुरुषांच्या हाती राहिलं. बायका माती मळणार, थापटणार, रंगवणार, बाजारात नेणार, पण चाकावर नाही. प्वेब्लो गावांत भांडं घडवणं हे बाईचंच काम. पुरुषाचा हात आला तर तो नक्षीला.

ज्युलियनचं नाव मागे का पडतं?

पडायला नको. सांता फेच्या जुन्या राजवाड्यातल्या संग्रहालयात तो काही वर्षं झाडलोट, राखणीचं काम करत होता. बायकोमुलांसह तिथेच राहायचा. झाडता झाडता कपाटांतली जुनी भांडी, कापडं, त्यांवरची नक्षी बघायचा आणि वहीत उतरवून घ्यायचा. मिंब्रेस संस्कृतीच्या प्राचीन वाडग्यांवरची पिसांची रांग त्याने तिथून उचलली आणि थाळीच्या काठाभोवती अशी फिरवली की ती आज सान इल्डेफॉन्सोची खूण झाली आहे. तो कागदावरही चित्रं काढायचा. पुढे गावाचा गव्हर्नर, म्हणजे आपल्या भाषेत सरपंच म्हणा, झाला. दारूने त्याला आयुष्यभर छळलं, आणि घरादारालाही. १९४३ साली तो गेला.

भांड्यावरचा साप म्हणजे नाग का?

नाही, आणि नागपंचमीशी त्याची गाठ घालू नये. त्याचं नाव अवान्यू. डोक्यावर शिंग, तोंडातून विजेसारखी जीभ. तो पाण्याचा राखणदार. त्या कोरड्या मुलखात ओढे वर्षभर सुके असतात, आणि डोंगरात पाऊस झाला की अचानक लोंढा येतो, नागमोडी, समोर येईल ते ढकलत. ज्युलियनने मडक्याच्या पोटाला वेटोळं घातलेला अवान्यू बघितला की मला तो लोंढाच आठवतो.

ती दुसऱ्यांच्या भांड्यांवर आपली सही करायची, हे खरं का? मग ती फसवणूक नाही का?

या प्रश्नावर माझं मत ठाम आहे, म्हणून जरा थांबून उत्तर देते.

सही हा प्रकारच गावात नव्हता. आपल्या आजीने केलेल्या गोधडीवर नाव असतं का? घरच्या मडक्यावर कुणी नाव घालत नव्हतं. १९२० नंतर व्यापारी आणि संग्रहालयवाले सांगू लागले की सही असेल तर भाव जास्त येतो. मारिया सही करू लागली. तिची भांडी जास्त किमतीला जाऊ लागली. आता शेजारच्या बाईचं भांडंही तेवढंच चांगलं, पण सही नाही म्हणून कमी पैसे. त्या बाईने येऊन विचारलं, तुझं नाव घालशील का? आणि मारियाने घातलं. गावात असंच सांगतात: कुणीही मागितलं तर ती सही द्यायची. पुढे बाहेरच्यांनी समजावलं की असं केलंत तर बाजार कोसळेल, तेव्हा ते थांबलं.

बाजाराच्या हिशेबाने हे चुकीचं. पण ज्या गावात माती मिळून आणतात, आग मिळून लावतात, तिथे एकीच्या नावाचा फायदा एकीनेच घ्यायचा हे तिला अवघड वाटलं असेल तर मला त्यात खोटेपणा दिसत नाही. तिच्या स्वतःच्या भांड्यांतही कितीतरी हात होते. बहीण क्लारा घोटायची, मुलगे माती आणायचे, जाळायच्या वेळी सगळं घर हजर. आणि काळ्यावर काळ्याची युक्ती या दोघांनी लपवून ठेवली नाही. गावातल्या इतर जोडप्यांना दाखवली. ज्याच्याकडे हातचं एकच कसब आहे आणि त्यावर घर चालतं आहे, त्याने ते वाटून टाकणं सोपं नसतं.

त्याने गावाचं भलं झालं का?

बऱ्याच अंगांनी झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सान इल्डेफॉन्सो अगदी लहानसं, खंगलेलं गाव होतं. जमीन आणि पाणी हातचं गेलेलं, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आणखी माणसं गेली. मारियाचा मेहुणा, नावाजलेला चित्रकार क्रेसेन्सिओ मार्टिनेझ, त्याच साथीत गेला. अशा वेळी भांड्यांनी रोख पैसा आणला. बायकांच्या हातात कमाई आली.

किंमतही मोजावी लागली. बाजाराला काळंच हवं होतं, त्यामुळे पांढऱ्या-पिवळ्या लेपावर लाल-काळी नक्षी काढायची जुनी रंगीत पद्धत मागे पडली. ती पुन्हा उभी करायला पुढच्या पिढीला झटावं लागलं. त्यात ब्लू कॉर्न (१९२१–१९९९) या कुंभारणीचं नाव आदराने घेतात.

ज्युलियननंतर नक्षी कोण काढायचं?

सून. थोरला मुलगा ॲडम आणि त्याची बायको सान्ताना. सान्ताना चित्रकारांच्या घरातली, प्रसिद्ध चित्रकार आवा त्सिरेहची बहीण. १९४३ नंतर साधारण बारा वर्षं भांड्याच्या बुडावर सासूसुनेची जोडसही येते. मला त्या सह्या फार आवडतात. घरोघरी सासूसुनांनी एकमेकींच्या हाताखाली काय काय केलं असेल, त्यावर दोघींचं नाव लिहिलेलं किती वेळा बघायला मिळतं?

नंतर आणखी एक मुलगा आईबरोबर बसू लागला. त्याचं कागदोपत्री नाव आंतोनियो; १९४८ च्या सुमारास त्याने तेवा नाव लावलं, पोपोव्ही दा, म्हणजे लाल कोल्हा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गावासमोरच्याच पठारावर, पूर्वजांच्या जमिनीवर, लॉस अलामोसची अणुबाँबची प्रयोगशाळा उभी राहिली होती आणि गावातली माणसं तिथे कामाला जात होती. युद्धानंतर पोपोव्हीने गावात दुकान काढलं, पुढे तो गव्हर्नरही झाला. आईच्या भांड्यांवर नक्षी काढताना त्याने आगीशी नवे प्रयोग केले: बंदुकीच्या नळीसारखी धातूची झाक, आणि काळं भांडं पुन्हा तापवून त्याचा काही भाग तपकिरी-तांबूस करणं. बुडावर महिना आणि वर्ष घालायची पद्धतही त्याचीच. १९७१ मध्ये आईच्या आधी मुलगा गेला.

सहीवरून काळ कसा ओळखायचा?

ढोबळमानाने असं: फक्त 'मेरी' असेल तर १९२० नंतरची पहिली काही वर्षं, 'मेरी आणि ज्युलियन' साधारण १९२५ ते १९४३, 'मेरी आणि सान्ताना' १९४३ पासून पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत, 'मारिया आणि पोपोव्ही' त्यानंतर १९७१ पर्यंत. नक्षी नसलेल्या, नुसत्या घोटलेल्या उत्तरकाळातल्या भांड्यांवर 'मारिया पोवेका'. म्हातारपणी तिने सगळ्यात साध्या भांड्यांवर आपलं जन्माचं नाव लिहिलं. सही जाळण्याआधी दगडाने दाबून केलेली असते, वरून ओरखडलेली नसते.

पुढच्या पिढ्यांत कोण आहे?

पोपोव्हीचा मुलगा टोनी दा (१९४०–२००८) आजीजवळ राहून शिकला आणि लवकरच स्वतःच्या वाटेने गेला: भांड्यावर अतिशय बारीक कोरीवकाम, त्यात जडवलेले फिरोजा खडे, अस्वलं, कासवं. १९८२ च्या मोटारसायकल अपघातानंतर त्याचं मातीकाम थांबलं, मग तो चित्रं काढत राहिला. मारियाची पणती बार्बरा गोन्झालेस आणि तिचा मुलगा कॅव्हन हेही नावाजलेले. १९७८ साली वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या रेनविक गॅलरीत या घराण्याच्या पाच पिढ्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मारिया हयात होती.

अशा भांड्यात पाणी किंवा फुलं ठेवता येतात का?

नाही. ही भांडी कमी आचेवर भाजलेली असतात, पाणी झिरपतं आणि घोटलेली चमक फुगून सुटते. ओलं फडकंही लावू नये. कोरड्या मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसावं. उचलताना अंगठी काढून ठेवावी आणि काठाला न धरता दोन्ही हात बुडाखाली घालावेत.

विकत घ्यायचं असेल तर?

मारियाच्या भांड्यांना लिलावात हजारो डॉलर पडतात, आणि नकलाही आहेत. नातेवाईक तिकडे असतील आणि तुम्हाला खरंच घ्यायचं असेल तर माझं म्हणणं, आज जे काम करताहेत त्यांच्याकडून लहानसं भांडं घ्या. सांता फेला १९२२ पासून दर उन्हाळ्यात मूळनिवासी कलावंतांचा बाजार भरतो, तिथे करणारा स्वतः समोर बसलेला असतो. १९९० च्या कायद्याने, मूळनिवासींनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं अमेरिकेत गुन्हा आहे. म्हणून करणाऱ्याचं नाव, गाव पावतीवर लिहून मागायला संकोच करू नका.

बघायला कुठे मिळतील? गावात जाता येतं का?

न्यू मेक्सिकोतच, ताओसच्या मिलिसेंट रॉजर्स संग्रहालयात या घराण्याचा मोठा संग्रह आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्येही भांडी आहेत.

गावात जाता येतं, पण ते लोकांचं राहतं गाव आहे हे ध्यानात ठेवून. आधी चौकशी करावी, कारण काही दिवस बाहेरच्यांना प्रवेश बंद असतो. फोटोला परवानगी लागते. २३ जानेवारीला ग्रामदैवताचा, म्हणजे संत इल्डेफॉन्सोचा, उत्सव असतो, चौकात नाच होतात. नाचाच्या वेळी टाळ्या वाजवत नाहीत, कारण ती प्रार्थना असते. कुणाच्या दारावर भांडी विकायला असल्याची पाटी दिसली तर दार वाजवायला हरकत नाही. आत गेल्यावर टेबलावर काळी भांडी मांडलेली असतील. भांडं हातात देईपर्यंत हात लावू नका. दिलं की उलटं करून बूड बघा, नाव वाचा, आणि ते कुणी घोटलं हेही विचारा.